जिथे आपोआप उघडतं ते पान

पुस्तक हातात आलं की आत्या ते लगेच वाचत नसे. आधी त्याची पाठ तळहातावर टेकवायची, दोन्ही पुठ्ठे सोडून द्यायची आणि पुस्तक कुठे उघडतं ते बघायची. प्रत्येक पुस्तकाला एक खोड असते, असं तिचं म्हणणं. एखादं पान कोणी पुन्हा पुन्हा उघडलं की पाठ तिथे मोडते आणि मग पुस्तक मिटलेलं असलं तरी आतून त्याच पानाकडे कलून बसतं. माणसांचंही तसंच असतं, असं ती म्हणत नसे. ती बाइंडर होती. माणसांबद्दल बोलायची तिला सवय नव्हती.

तिला सगळी गल्ली आत्या म्हणायची. दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाऊ-वहिनी राहायचे. त्यांची मुलगी बोलायला लागली तेव्हापासून जिन्यातूनच ‘आत्याऽ’ करत खाली यायची, आणि गिऱ्हाइकांनी ती हाक उचलली. कॉलेजातले प्राध्यापक, वकिलांचे कारकून, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणत. इतक्या लोकांची आत्या असणं सोपं नाही, पण तिच्या ते अंगवळणी पडलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या टोकाला रस्त्याचा उजेड, मागच्या टोकाला सरसाचा वास, आणि मध्ये लोखंडी चाकाचा शिकंजा, ज्यात नवी बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायची. शिकंजा वडिलांचा. ते गेले त्या दिवशी त्यात एक पुस्तक दाबलेलं होतं. भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर आत्याने चाक उलटं फिरवलं, पुस्तक काढलं, कडा साफ केल्या आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. तेव्हापासून दुकान तिचं झालं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. लग्न का केलं नाहीस, असं एखाद्या नातेवाइकाने विचारलंच तर ती म्हणायची, शिकंज्यात पुस्तक होतं, ते सोडून जायचं कसं? विचारणारा हसायचा. तीही हसायची, चाकावरचा हात न काढता.

वाचक मंडळ याच खोलीत जन्मलं, तेही अपघाताने. वाचनालयाची फाटकी पुस्तकं आत्याकडे दुरुस्तीला येत. एकदा एक जाडजूड कादंबरी उसवून तिचे गठ्ठे टेबलावर मांडलेले होते. हॉस्पिटलातून निवृत्त झालेली सिस्टर काहीतरी कामाला आली, बसली, आणि चहा होईपर्यंत पहिला गठ्ठा वाचून मोकळी झाली. दुसरा गठ्ठा मागायला ती दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा पहिला गठ्ठा समोरच्या चष्मेवाल्याच्या हातात होता. मग शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आले. एकच पुस्तक चौघांना एकाच वेळी वाचता येतं, हा शोध लागला आणि मंडळ सुरू झालं.

पद्धत तीच राहिली. पुस्तक आणायचं, आत्याने ते उसवायचं, गठ्ठे करायचे. गठ्ठा आधी सिस्टरकडे, मग चष्मेवाल्याकडे, मग मास्तरांकडे, शेवटी आत्याकडे. सगळ्यांचं संपलं की आत्या पुस्तक पुन्हा बांधायची, आधीपेक्षा मजबूत. रविवारी सकाळी सगळे जमायचे. नियम एकच होता, पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचं नाही. सिस्टर कायम पुढे असायची, आणि पुढे कोण मरणार आहे ते तिच्या चेहऱ्यावर आधीच छापलेलं असायचं. आयुष्यभर रुग्णांच्या नातेवाइकांपासून ज्या चेहऱ्याने सगळं लपवलं, तो आता काहीच लपवायला तयार नव्हता. म्हणून तिला भिंतीकडे तोंड करून बसवत.

भाची याच टेबलाखाली मोठी झाली. कागदाच्या कातरणांत बसून ती एकसारखी बोलायची. ‘हिच्या तोंडाला तुझा तो शिकंजा लाव गं,’ असं भाऊ वैतागून म्हणायचा. आता ती सोळा वर्षांची होती. यंदा तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि तिथे जायला लागल्यापासून ती मिटली होती. भांडली नाही, रडली नाही, मार्क कमी पडले नाहीत. काही विचारलं की ‘हं’ म्हणायची. जरा जास्त विचारलं तर ‘माहीत नाही’. वहिनीचं मत होतं की वयच तसं आहे. भावाचं मत होतं की हा सगळा मोबाइलचा प्रताप. दोघांचं निदान करून झालं होतं, त्यामुळे दोघं निवांत होते. आत्याला मात्र चैन नव्हतं. टेबलाखालची ती जागा रिकामी होती, तरी ती तिथे पाय लांब करायची नाही.

अशात एका संध्याकाळी भाची खाली आली आणि तिने काउंटरवर एक पुस्तक ठेवलं.

“वाच. आणि मग खरं सांग.”

एवढंच बोलून ती वर गेली. पण ‘हं’च्या मानाने हे भाषणच होतं. आत्याने ते वाक्य मनात कितीदा तरी उलटंपालटं करून पाहिलं.

कादंबरी होती, कुमारवयीनांसाठी. पिवळ्या आकाशाखाली पाठमोरी उभी मुलगी आणि तिचे उडणारे केस, असं मुखपृष्ठ. आत्याने पुस्तक सवयीने तळहातावर टेकवलं. ते मधल्याच एका पानावर चटकन, ओळखीच्या माणसाने दार उघडावं तसं उघडलं. कोणी मुलगी जिन्यात बसून डबा खात होती. आत्याने एवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. गोष्ट मधून वाचायची नसते.

मग तिने जे केलं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालंच नसतं. दुसऱ्या कोणी पानाचा कोपरा दुमडला असता, चहा सांडला असता, फार तर पुस्तक हरवलं असतं. आत्याने पाठ गरम करून गोंद सैल केला, मुखपृष्ठ सोलून बाजूला ठेवलं, पानं सुटी केली आणि त्यांचे गठ्ठे बांधले. कोणी दिलेलं पुस्तक वाचायचं म्हणजे आधी उसवायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. एकटीने अख्खं पुस्तक वाचल्याला किती वर्षं झाली हे तिला आठवतही नव्हतं. शिवाय भाचीच्या मनात काय आहे ते आपल्या एका डोक्यात शिरणार नाही, चार डोकी लागतील, असं तिला वाटलं. उसवणं म्हणजे मोडणं, हे तिच्या मनातही आलं नाही. डॉक्टर पोट उघडतो तसंच ते. फरक इतकाच की डॉक्टर आधी विचारतो.

गठ्ठे फिरले. सिस्टरने दोन दिवसांत सगळं संपवलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही छापलेलं दिसलं नाही. तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी मंडळ बसलं. पुस्तक आवडलं नाही हे सांगायला कोणी मुहूर्त शोधत बसलं नाही. सुरुवात मास्तरांनी केली. कादंबरीतल्या नायिकेची मैत्रीण, जिने कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पहाटे काकाची गाडी पळवते आणि चढावर, तीही तिसऱ्या गियरमध्ये, झोकात सुरू करते. मास्तर त्या पानाने आठवडाभर आजारी होते. ते म्हणाले, लेखिकेला माझ्याकडे पाठवा, पहिले चार धडे फुकट देतो. त्या पानाला क्लच जळाल्याचा वास यायला हवा होता, येतोय शाईचा. आणि कथेत एवढी वळणं घेतली, पण एकदाही आधी इंडिकेटर दिला नाही.

सिस्टरची तक्रार घोट्याची होती. नायिकेचा घोटा मुरगळतो आणि तिसऱ्या दिवशी ती स्टेजवर नाचते. घोटा सुजतो, निळा पडतो, बादली उचलायची म्हटलं तरी आठवण करून देतो. हिचा घोटा फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यापुरता मुरगळला. चष्मेवाल्याला तर हा व्यवसायावरचा हल्ला वाटला. नायिका चष्मा काढते आणि एकदम सुंदर दिसायला लागते. तो म्हणाला, दिसत असेल बाबा, पण तिला स्वतःला काय दिसत असेल? समोर उभा तो मुलगा आहे की खांब, हे तरी कळतं का तिला?

मग पुस्तकातल्या मोठ्या माणसांचा विषय निघाला. सगळेच्या सगळे मठ्ठ. आईच्या तोंडी अख्ख्या कादंबरीत दोनच वाक्यं, जेवून घे आणि अभ्यास झाला का. ‘ते मात्र खरं आहे,’ असं मास्तर म्हणाले आणि सगळे हसले. शेवटाबद्दल सिस्टर म्हणाली की तिला भीतीच वाटली. नायिकेला पहिलं बक्षीस मिळतं, हॉलमध्ये सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, बाप रडत माफी मागतो, मोटारसायकलवाला मुलगा दारात येऊन थांबतो. इतकी माणसं एकदम सुधारली की समजावं, रुग्णाची वेळ जवळ आली.  चष्मेवाला आपला चष्मा पुसत राहिला, जरा जास्तच वेळ.

 आत्याची निराशा वेगळी होती. तिला पुस्तकात भाची सापडायला हवी होती. तिने ती पानापानावर शोधली होती, आणि सापडली ती केसांची, डोळ्यांची आणि अश्रूंची बनलेली एक मुलगी, जिला कोपरं नव्हती, टाचा नव्हत्या, भूकही लेखिकेला आठवेल तेव्हाच लागायची. हे पुस्तक आपल्या पोरीला का आवडावं? आणि ‘खरं सांग’ म्हणाली होती, ते कसं सांगावं?

मत वाईट असलं की बांधणी चांगली करावी, असा आत्याने स्वतःपुरता नियम काढला. तिने जाड पुठ्ठा घेतला, ठेवणीतलं गडद हिरवं कापड काढलं, तिन्ही कडा कापून आरशासारख्या गुळगुळीत केल्या, पाठीला मलमलीची पट्टी लावली. उडत्या केसांचं मुखपृष्ठ आत चिकटवून टाकलं. शिकंज्यातून निघाली तेव्हा कादंबरी एखाद्या न्यायाधीशाच्या टेबलावर शोभेल अशी झाली होती.

भाची खाली आली. “आवडलं?”

“आधी बांधणी तर बघ.”

भाचीने पुस्तक हातात घेतलं. ती आत्याच्याच टेबलाखाली वाढलेली. तिने पाठ तळहातावर टेकवली आणि पुठ्ठे सोडले. पुस्तक उघडलं नाही. नवे पुठ्ठे दोन्ही बाजूंना जरासे कलले आणि मधली पानं ताठ उभी राहिली, अनोळखी घरात पाहुणा अवघडून बसतो तशी. भाचीने ते पुन्हा मिटलं, पुन्हा सोडलं. या वेळी भलतंच एक पान उघडलं, ज्यावर नुसता वाऱ्याचा एक परिच्छेद होता.

“तू उसवलंस.”

“हो.”

“मंडळाला वाटलंस.”

आत्याने मान हलवली. खोटं बोलता येत असतं तर तिने कधीच दुसरा धंदा केला असता. भाचीने विचारलं, मग? आत्या म्हणाली की मंडळाला फारसं आवडलं नाही. आणि तुला? मलाही नाही, आत्या म्हणाली.

भाचीने पुस्तक काउंटरवर ठेवलं. बिघडलेलं काम गिऱ्हाईक परत करतं, त्याच शांतपणे. आणि जिना चढून गेली.

त्यानंतर ‘हं’सुद्धा बंद झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं आत्याला वाटलं. पोरीने इतक्या महिन्यांनी एक दार किलकिलं केलं होतं आणि आपण काय केलं, तर बिजागऱ्या उचकटून नव्या घालून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना ती ते पान शोधायला बसली. आता पुस्तक वाट दाखवत नव्हतं, म्हणून तिला एकेक पान उलटावं लागलं. सापडलं ते बोटांना. त्या पानाचा खालचा कोपरा कापडासारखा मऊ झाला होता. तिने वाचलं. त्या पानावर काहीच घडत नाही. नायिका कॉलेजच्या सगळ्यात वरच्या जिन्यात, गच्चीच्या कुलूपबंद दाराशी बसली आहे. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून ते मांडीवर ओढणीत धरून ठेवलंय. खालून हसण्याचे आवाज येतात. पावलं वाजली की ती कान देते. पावलं खालच्याच मजल्यावर वळतात. डबा संपतो. ती झाकण लावते. बस. पुढच्या पानावर लगेच मोटारसायकल येते.

मंडळातलं कोणी या पानाबद्दल अवाक्षर बोललं नव्हतं. आत्याच्या हातातून तर ते वाचण्याखेरीज आणखी दोनदा गेलं होतं, एकदा उसवताना आणि एकदा चिकटवताना.

ती वर गेली आणि वहिनीला सहज विचारावं तसं विचारलं, पोरीचा डबा परत येतो तेव्हा रिकामा असतो का? वहिनी म्हणाली, अगदी चाटूनपुसून, का गं? काही नाही, आत्या म्हणाली. भाची खिडकीशी अभ्यासाला बसली होती. तिने मान वर केली नाही. आत्या दारात उभी राहून तिच्या पाठीला म्हणाली,

“रविवारी सगळे येतात. आम्ही काय चुकीचं वाचलं ते येऊन सांग. तुझी बाजू मी मांडली असती, पण मला ती येत नाही.”

पाठ हलली नाही. आत्या जिना उतरून आली आणि उगाचच शिकंज्याच्या चाकाला तेल घालत बसली.

मधल्या दिवसांत तिने मंडळाला झाला प्रकार सांगितला. पोरीचं स्वतःचं पुस्तक होतं हे ऐकून तिघं चपापले. वाचनालयाचं असेल असंच ते धरून चालले होते. मास्तर म्हणाले, म्हणजे आपण दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन खोलून वर मायलेज नाही म्हणून नावं ठेवली. सिस्टरने आत्याला चांगलंच फैलावर घेतलं. अगं, विचारायला तोंड होतं ना? आत्या म्हणाली, हात आधी चालले.

रविवारी खुर्च्या मांडल्या गेल्या. आत्याने एक जादा मांडली, मग ती फार उघड दिसते म्हणून उचलून ठेवली. चहा झाला. कोणी पुस्तकाचं नाव काढेना. चष्मेवाल्याने हवेचा विषय काढून पाहिला, तो दोन वाक्यांत संपला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि आत्याच्या लक्षात आलं की आपण कान देऊन बसलोय.

पावलं वळली नाहीत. भाची दुकानात आली, काउंटरवरचं हिरवं पुस्तक तिने उचललं आणि खुर्ची नसल्याने टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली.

ती जे बोलली ते थोडक्यात असं. गाडी तिसऱ्या गियरमध्ये सुरू होत नाही हे तिलाही माहीत आहे, बाबांच्या शेजारी बसून ती लहानपणापासून बघते आहे. घोटा, चष्मा, सगळं खोटं आहे, तेही तिला माहीत आहे. इतकं कळायला चार जणांचं मंडळ कशाला लागतं? सगळ्या खोट्यामध्ये एक पान खरं आहे आणि ते तुम्ही कोणी बघितलंसुद्धा नाही. तिने ते पान काढलं आणि वाचून दाखवलं. आधी तिचा आवाज गंजलेल्या नळासारखा अडखळत आला, मग सरळ वाहू लागला. वाचून झाल्यावर तिने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

चष्मेवाल्याला शांतता सोसत नसे. तो भीत भीत म्हणाला की पान चांगलं आहे, पण एक कळत नाही. तिने सरळ खाली जाऊन बाकीच्यांसोबत बसायचं ना. जागा नसते का?

“जागा असते, काका,” भाची म्हणाली. “ये म्हणणारं कोणी नसतं.”

आत्याच्या हातात कप होता. तो तिने खाली ठेवला, वाजू न देता.

सगळ्यात आधी सिस्टर बोलली, भिंतीकडे तोंड करून, जरी आज तिला तसं कोणी बसवलं नव्हतं. हॉस्पिटलात नव्याने लागले तेव्हा वर्षभर मी चादरींच्या खोलीत जेवले, ती म्हणाली. दार लावून. कोणी विचारलं तर म्हणायचे, चादरी मोजतेय. त्या हॉस्पिटलाइतक्या मोजलेल्या चादरी जगात कुठे नसतील.

सगळे हसले, भाचीही, तोंड फिरवून. मग मास्तर म्हणाले, “मी अजूनही गाडीतच खातो. शिकवणीच्या गाडीत. शेजारच्या सीटवर बसून, सवयीने. आणि पाय त्या जादा ब्रेकवर.”

“का?” भाचीने विचारलं.

“तुझी काकू गेल्यापासून घरी दोन खुर्च्या दिसतात. गाडीत निदान दुसऱ्या सीटवर कोणीतरी शिकाऊ येणार असतो.”

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. तिला जन्मापासून माहीत असलेला हा माणूस, हॉर्न वाजवल्यासारखं बोलणारा. आत्याही बघत राहिली. इतकी वर्षं ही माणसं रविवारी इथे येत होती, दुसऱ्यांच्या गोष्टी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वाटून घेत होती, आणि त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं की तुम्ही जेवता कुठे.

मग वातावरण सैल व्हावं म्हणून चष्मेवाल्याने शेवटाची गोष्ट काढली. ते एक पान मान्य, पण त्या टाळ्या, तो रडणारा बाप, त्याचं काय? भाची म्हणाली, माहीत नाही. हे नेहमीचं ‘माहीत नाही’ नव्हतं. तिने शेवट वाचलेलाच नव्हता. इतक्या वेळा पुस्तक उघडलं, पण शेवट जवळ आला की ती थांबायची.

“का गं?” सिस्टर वळून म्हणाली.

“तिचं सगळं नीट झालं असेल असं वाटलं. मग ती माझ्या काय उपयोगाची?”

सिस्टरने आत्याकडे पाहिलं. मग तिने चेहरा अगदी पूर्वीसारखा, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर करायची तसा केला आणि म्हणाली, वाचू नकोस बाळ, वेळ चांगली नाही. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आपण चौघांनी रेटून रेटून शेवट वाचला, आणि पुस्तकाच्या मालकिणीने तो उघडलासुद्धा नाही, याचं त्यांना फार हसू आलं.

तेव्हा भाची आत्याला म्हणाली, “हे परत उसव.”

“आता विचारून उसवते,” आत्या म्हणाली. “कुठून?”

भाचीने जागा दाखवली. आत्याने सगळ्यांसमोर हिरवं कापड सोललं, पाठ गरम केली आणि सुरी घातली. इतक्या मेहनतीचं काम आठवड्याभरात फोडताना तिला जराही वाईट वाटलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. भाची शेजारी उभी राहून पानं धरत होती आणि बोलत होती. हिरवा रंग म्हाताऱ्याच्या कोटासारखा दिसतो म्हणाली. कडा कापल्यास त्या मला विचारून कापायच्या होत्यास म्हणाली. मुखपृष्ठ परत बाहेर हवं म्हणाली. आत्या फक्त ‘हं’ म्हणत होती. आपण ‘हं’ म्हणतोय हे लक्षात आल्यावर तिला हसू फुटलं, पण ते का, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

पुस्तकाचे दोन भाग झाले. पहिला जाड, मऊ पुठ्ठ्यात, बाहेर उडत्या केसांचं मुखपृष्ठ. दुसरा, म्हणजे सगळं नीट होतं तो, अगदी बारीक, चोपडीसारखा. तो कोणाला हवा का, असं आत्याने विचारलं. सगळे नको म्हणाले. मग चष्मेवाल्याने घसा खाकरून सांगितलं की ठेवायचाच झाला तर तो ठेवील. मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तेव्हा त्याने कबूल केलं की त्याला शेवट आवडला होता. टाळ्यांच्या जागी तर त्याला चष्मा पुसावा लागला होता. त्या रविवारी बाकीचे दोघं एवढं तोडून बोलत होते की त्याची हिंमत झाली नाही. अजूनही कधी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो ड्रॉवर उघडतो आणि दोन पानं वाचून घेतो.

नवा भाग भाचीने पुन्हा तळहातावर टेकवून पाहिला. तो कुठेच उघडला नाही. ते पान मी नाही आणू शकत, आत्या म्हणाली. पाठ मी बांधते, पण खोड वाचणाऱ्यानेच लावायची असते. लागेल वेळ.

भाची मंडळाची पाचवी सभासद झाली, असं काही कोणी जाहीर केलं नाही. रविवारी एक खुर्ची जास्त मांडली जाऊ लागली, एवढंच. गठ्ठा आता आधी तिच्याकडे जातो, त्यामुळे सिस्टर भिंतीऐवजी माणसांकडे तोंड करून बसते आणि मागे पडल्याबद्दल कुरकुरते. मास्तर दुपारचा डबा कधीमधी आत्याच्या दुकानात आणतात. अजून त्यांचा पाय ब्रेक शोधत आपोआप पुढे सरकतो आणि टेबलाखालची कातरणं दाबतो. कॉलेजातलं सगळं नीट झालं का, हे आत्याने भाचीला विचारलं नाही. नीट होण्यावर त्या दोघींचा फारसा विश्वास उरलेला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी भाची कॉलेजातून येताना दुकानात दप्तर टाकून वर पळाली. दप्तरातून ते पुस्तक अर्धं बाहेर आलं होतं. आत्याने ते नीट आत सारायला म्हणून उचललं, आणि हात आधी चालले. तळहातावर पाठ टेकली, पुठ्ठे सुटले, आणि पुस्तक चटकन उघडलं.

आत्याने वाकून पाहिलं. जिना नव्हता. पहाट होती, चढ होता, काकाची गाडी होती, आणि दोन मुली ती तिसऱ्या गियरमध्ये पळवत खिदळत होत्या. पान पुन्हा पुन्हा उघडून दमलेलं होतं. कोपऱ्यावर बोटांचे ठसे होते, खाताना उमटलेले, तेलकट. एका बाजूचे लहान, भाचीचे. दुसऱ्या बाजूचे जरा मोठ्या बोटांचे होते, आणि ती बोटं आत्याच्या ओळखीची नव्हती.

तिने पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं. मग शेजारी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी राहिली आणि मास्तरांना म्हणाली की तुमची ती तिसऱ्या गियरची गाडी सुरू झाली बरं का, चढावर. मास्तरांना काही कळलं नाही. ते म्हणाले, शक्यच नाही, क्लच जळेल.

“जळू दे,” आत्या म्हणाली, आणि हसत हसत कामाला गेली.